कारणाचा रकाना

मंगळवार, सव्वा वाजता, घंटा.
घंटा एका बंद पडलेल्या शाळेची. तिचा टोला कधीच हरवला,
म्हणून अध्यक्ष सेंगरसाहेब ती वाढायच्या चमच्यानं वाजवतात
आणि दर वेळी चमच्यावरची डाळ
मागच्या सभेच्या इतिवृत्तावर उडते.

लष्करात, नया बाजाराच्या तोंडाशी, हॉटेलचा वरचा हॉल.
काल इथं कुणाचं तरी लग्न झालं असणार.
भिंतीवर थर्माकोलचं ‘वेड्स’ तसंच आहे,
दोन्हीकडची नावं मात्र काढून नेलेली.
त्याच्याखाली आम्ही बावीस सेवाभावी माणसं,
जानेवारीचं धुकं मफलरांतून आत आणलेली.

पाहुणे डॉक्टर भदौरिया. विषय काचबिंदू.
पडद्यावर सोललेला डोळा, दीड मीटरचा,
आणि नेमके तेव्हाच कोफ्ते आले.
रस्तोगींनी आपलं ताट हळूच शेजारी सरकवलं.
शेजारी पागनीस. त्यांनी दोन्ही संपवली.
टाळ्या. शाल. गजकचा डबा.

मग मुरारच्या दवाखान्याला चाकाची खुर्ची द्यायची
की पाण्याचा कूलर, हा चौथा आठवडा.
या थंडीत कूलर कुणाला सुचतो यावर अकरा मिनिटं गेली,
खुर्चीवर चार.
विषय पुढच्या मंगळवारी.

आता डबा फिरतो. बोर्नव्हिटाचा, झाकणाला खाच पाडलेला.
उशीर झाला, दहा रुपये. फोन वाजला, दहा. बिल्ला विसरला, दहा.
आनंदाची बातमी असली तरी दहाच, पण ते लोक हौसेनं देतात:
नातीला दात आला.
मुलाची भिंडहून बदली झाली.
गुडघा आज जिन्यात काही बोलला नाही.
मी कोषाध्यक्ष, बँकेत चौतीस वर्षं काढलेली.
तारीख, नाव, रक्कम, कारण, सही. रकाना रिकामा दिसला
की माझ्या हाताला खाज सुटते.

इंगळे तेवढे नोट टाकतात आणि लगेच पाण्याचा ग्लास उचलतात.
छोट्या गाडीच्या शेडमध्ये फोरमन होते.
ती गाडी गेली, हे राहिले.
सभेला सगळ्यांच्या आधी येतात, म्हणजे उशिराचा दंड नाही.
बिल्ला कोटाला शिवूनच टाकलेला.
फोन बटणांचा. तो वाजत नाही.
“कशाचे हो?” मी पहिल्यांदा विचारलं होतं.
“लिहा न काहीपण.”
काहीपण कसं लिहिणार? मी आडवी रेघ मारली.

अशा एकतीस रेघा झाल्या.
काल ऑडिटरच्या पोरानं लाल पेन्सिलीनं
त्या सगळ्यांना एक लांब कंस घातला
आणि बाहेर लिहिलं: तीनशे दहा, कारण?

तेव्हा आज मी वही घेऊनच त्यांच्याजवळ जाऊन बसले.
“इंगळे, आता सांगावं लागेल. हिशेबाचा प्रश्न आहे.”
त्यांनी भात कालवायचा थांबवला.
बराच वेळ वहीकडे बघितलं, रकान्याची रुंदी मोजावी तसं.
आधी वाटलं, रागावले.
मग म्हणाले, “लिहा, जेवलो.”
“जेवलो?”
“हो. बसून.”
आणि कालवलेला भात पुन्हा कालवू लागले.

मी पुढं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, ठाऊक नाही.
पलीकडे पागनीस तिसरा गुलाबजाम मागत होते.
चमच्यानं घंटा झाली, राष्ट्रगीत झालं, जिन्यात चपलांचा गोंधळ झाला.

सगळे गेल्यावर त्याच टेबलावर, रेघांच्या वर,
मी लिहायला बसले. जेवलो. जेवलो. जेवलो.
शाळेत शिक्षा म्हणून लिहायचो तसं, एकतीस वेळा,
एकाच शाईनं, अक्षर बिघडू न देता.
सतराव्याला पेन थांबलं, झटकलं, चाललं.
रामसेवक चादर ओढायला केव्हाचा उभा होता,
माझ्या कोपराखालचा कोपरा तेवढा उरला होता.
“मॅडम, अगले मंगल को कितनी प्लेट?”
मी वहीत बघितलं, जणू ते तिथं लिहिलेलं असतं.
“बाईस,” म्हटलं. “और दाल गरम रखना.”